फळ्यावरच्या दोन रेघा

"इलेक्ट्रिकल, एक," रजिस्टरमधून मान वर न करता भैयाजींनी पुकारा केला आणि देवाजीनं ओल्या बोळ्यानं इलेक्ट्रिकलच्या खालची एक रेघ पुसली.

ड्रॉइंग हॉलमधला तो मोठा फळा दर जुलैत प्रवेशासाठी तयार होई. वर शाखांची नावं, सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, मेटलर्जी, मायनिंग, आणि प्रत्येक नावाखाली जागा तितक्या खडूच्या उभ्या रेघा. मुलं गुणांच्या क्रमानं आत येत, फळ्याकडे बघत, प्राचार्यांसमोर शाखेचं नाव घेत आणि त्या शाखेची एक रेघ जाई. रजिस्टरात डोकावून सांगायची रीत नव्हती. फळ्यावर दिसेल त्यातलंच मागायचं. बाहेर व्हरांड्यात आईबाप जीव मुठीत धरून बसलेले असत.

देवाजी एरवी मशीन लॅबचा अटेंडंट, पण पुसायचं काम बावीस वर्षं त्याचंच. हेडक्लार्क भैयाजी म्हणत, अख्ख्या विदर्भाचं नशीब याच्या बोळ्यात आहे. त्यांना असं बोलायला आवडे.

"देवाजी, रेघा मारल्या का कापसाची पऱ्हाटी लावली गा?" दोन मुलांच्या मधल्या फुरसतीत ते म्हणाले. "दरसाल एवढं अंतर काहून ठेवून राहिला?"

"बरं राहते," देवाजी म्हणाला.

पूर्वी तो असं अंतर ठेवत नसे. दहा वर्षांमागं, एकोणसत्तर साली, रेघा चांगल्या दाटीवाटीनं असत. त्या वर्षी त्याचा मुलगा ताराचंद याच हॉलच्या दारात उभा होता. इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या गल्लीतून कॉलेजात आलेला पहिलाच. घरी त्यानं बिघडलेले रेडिओ खोलून जोडून दाखवले होते, त्याला इलेक्ट्रिकलच हवं होतं. फळ्यावर इलेक्ट्रिकलच्या दोन रेघा उरल्या होत्या. त्याच्या आधीच्या मुलानं त्यातली एक मागितली, भैयाजींनी पुकारा केला आणि पाठोपाठ पुढचं नाव घेतलं, ताराचंद देवाजी. मुलाच्या नावामागोमाग आपलं नाव ऐकून देवाजीची मान दाराकडे वळली. हातातला बोळा फळ्याकडे न बघताच फिरला. ताराचंद पुढे आला, फळ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मायनिंग."

संध्याकाळी मेळ घालताना रजिस्टरात इलेक्ट्रिकलची एक जागा शिल्लक निघाली. ती वेटिंगमधल्या कुणाला तरी गेली. देवाजीनं हातातल्या बोळ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर जागा फिरवता आली असती. पण नोकरीची भीती वाटली, आणि घरी तर पोरगं पेढे वाटत होतं. शेवटी इंजिनियर तो इंजिनियर, असं त्यानं स्वतःला समजावलं. आठ वर्षांनी चांद्याकडच्या एका खाणीत छत बसलं. ताराचंदचा देह वर आणला तेव्हा देवाजी तिथं होता. तेव्हापासून त्याला फारसं काही वाटत नसे. जेवला की जेवला, झोपला की झोपला. तेवढं रेघांमधलं अंतर त्याच्या हातून कधी चुकत नसे.

पुढचा मुलगा आत आला. काटोलकडचा, मार्तंड नाव, पायात नवी चप्पल. त्यानं फळ्याकडे निरखून पाहिलं. इलेक्ट्रिकलची एकच रेघ होती, मायनिंगच्या चार.

"मायनिंग," तो म्हणाला.

"इलेक्ट्रिकलची एक हाये बापू."

बोललं कोण, हे देवाजीला स्वतःलाही क्षणभर उमगलं नाही. बावीस वर्षांत तो त्या हॉलमध्ये पहिल्यांदा आपणहून बोलला होता. प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. भैयाजींचं पेन थांबलं.

"दिसली मले, काका," मुलगा नरमाईनं म्हणाला. "पण मले मायनिंगच पाह्यजे."

"मायनिंग, एक," भैयाजी म्हणाले. देवाजीनं रेघ पुसली.

दिवेलागणीला तो घरी पोचला, सायकल भिंतीला लावली. इंदूबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"गेल्या का साऱ्या जागा?" ती दरवर्षी विचारायची तसं तिनं विचारलं.

"गेल्या." तो पायरीवर टेकला. दिवसभर त्या मुलाचं 'दिसली मले' त्याच्या कानातून हटलं नव्हतं. मग तो म्हणाला, "ताराच्या वक्ती इलेक्ट्रिकलची एक बाकी होती. म्या पुसली. चुकून, दोन्ही रेघा संगच गेल्या. त्याले दिसली असती त तो खाणीत गेलाच नसता."

तिनं आता सूप फेकावं, छाती बडवावी, आपल्याला नाही नाही ते बोलावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिची बोटं तांदळातून फिरत राहिली.

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

"कोणं सांगतलं?"

"तारानं. त्याच रोजी." तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "दारातून त्याले दिसलं होतं, दोन्ही जाताना. म्हणे, माय, म्या तोंड उघडलं असतं त साऱ्या सायबांसमोर बाबाले बोलणं बसलं असतं. म्हणे, बाबाले सांगू नोको."

दहा वर्षं एका ताटलीतलं मीठ खाऊन दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट झाकत होती.

इंदूबाईनं सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन तांब्या भरून आणला.

"हात धुवा. खडू हाये हाताले."

त्यानं हात पुढे केले. ती पाणी घालत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी त्यानं ते मागे घेतले नाहीत आणि तिनंही तांब्या सरळ केला नाही.