कपाटातला नेचा

मावशीचा नेचा वाचला. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं मावशीपुढे समजा. मीही बोललो नाही असं समजतो.

मावशी वनस्पतिशास्त्रज्ञ. मी तिचा भाचा, म्हणजे रोपं दाबून वाळवायच्या फळ्यांचा हमाल. तिचा नेचा जंगलातल्या एकाच उतारावर उरला होता, झऱ्याकाठच्या कपारीत, जिथे ऊन चुकूनही फिरकत नाही. फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या दोन रांगा, त्यांत बीजाणू. ओल असली तरच त्यांचा संसार लागतो. आता त्या उतारावरून रस्ता जाणार होता.

"इथं दुर्मिळ नेचा आहे," मावशीनं वनखात्याच्या साहेबांना सांगितलं.

"पुरावा?"

"चला, दाखवते."

"बाई, मी जंगलात कुठे हिंडू? नमुना आणा. खोडामुळांसकट."

नियम मावशीच्याच लोकांचा होता. रोप वाळवून, कागदावर चिकटवून संग्रहालयात ठेवलं की ते अस्तित्वात आलं. नुसतं जिवंत असणं म्हणजे अफवा.

रोप एकच होतं.

"मावशी, फोटो नाही चालणार?"

"चालला असता तर तुला कशाला आणलं असतं, शहाण्या?"

उतार राहिला तर सांडलेले बीजाणू रुजतील, असा तिचा हिशोब. कपारीपुढे ती गुडघ्यांवर बसली. मग सुरीनं तिनं ते सरपटणारं खोड खडकापासून सोडवलं. फळ्या मी आवळल्या.

नमुना मान्य झाला. मग मात्र साहेब जंगलात हिंडले.

"बाई, इथं तर काहीच नाही."

"तुम्हीच आणायला लावलात."

"ते झालंच. पण सध्या तो असतो कुठे?"

"संग्रहालयात. कपाटात."

साहेबांनी मान डोलावली. महिनाभरात कपाट संरक्षित अधिवास म्हणून जाहीर झालं. त्यावर पाटी लागली, शिकारीला बंदी आली. उतारावर सुरुंग लागले.

मावशी आता जंगलाचा विषय काढत नाही. परवा तिनं एका अर्जावर सही केली, मजकूर माझा:

"उपरोक्त अधिवासातील डांबरगोळ्या हटवून त्या जागी एक खडक, कायमची सावली व बारमाही झरा तातडीने बसवून मिळावा, ही नम्र विनंती."