दोन दवाखान्यांची एक बादली

मित्रांनो, माझा जन्म कसा झाला ते मागाहून सांगते. आधी माझ्यामुळे कुणाचं काय वाचणार होतं, ते ऐका. बारामतीत मोठ्या डॉक्टरांचं नर्सिंग होम होतं आणि इंदापुरात त्यांच्या मेहुण्याचं, म्हणजे धाकट्या डॉक्टरांचं. अठ्ठ्याण्णव साली नवा नियम आला. दवाखान्यातल्या सुया, रक्ताचे बोळे, पट्ट्या उघड्यावर टाकायच्या नाहीत, त्यांना झाकणाची वेगळी बादली हवी. तपासायला साहेब येणार. मोठ्या डॉक्टरांनी मेहुण्याला फोन लावला.

“साहेब एका दिवसात दोन तालुके थोडेच बघणार? दोघांत एकच घेऊ. तपासणी असेल तिकडं पाठवायची.”

एका झाकणाखाली दोघांची अब्रू झाकली जाणार होती. एवढं डोकं सुया कुठं टाकायच्या याला लावलं असतं, तर मला तोंड उघडावं लागलं नसतं.

ती बादली मी. लाल, प्लॅस्टिकची. भोसरीच्या कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी बाहेर पडले तेव्हा मला वाटलं, आपल्या हातून काहीतरी चांगलं होणार. माझ्या पायाशी एक पट्टी आहे. तिच्यावर पाय दिला की झाकण उघडतं, पाय काढला की मिटतं. आतून मी कितीही जोर लावला तरी ते हलत नाही. हे माझं जन्माचं दुःख.

बारामतीत आले ती थेट जिन्याखालच्या कपाटात. अंगावरची पिशवीसुद्धा कुणी काढली नाही. बाहेरून कुलूप, आणि किल्ली मॅडमच्या, म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या कमरेला. कपाटाच्या फटीतून मला वीतभर जग दिसे, आणि त्या वीतभर जगात छबूबाईंचे हात दिसत.

छबूबाई सुप्याकडच्या. घरची मेंढरं विकली तशा त्या झाडलोटीच्या कामाला इथं आल्या. ट्रेमधल्या सुया, रक्ताळलेला कापूस त्या उघड्या हातानं गोळा करायच्या, फुटक्या घमेल्यात भरायच्या आणि मागच्या मोकळ्या जागेत नेऊन ओतायच्या. तिथं कुत्री वाटच बघत असत. सुई टोचली की बोट तोंडात घालून चोखायचं, थुंकायचं आणि पुन्हा झाडू धरायचा.

“मॅडम, ती लाल बादली द्या की मला. हाताची निस्ती चाळण झालीया.”

“अगं, नवी कोरी आहे ती. घाण होईल!”

“घाणीसाठीच आणलीया न्हवं?”

“तपासणीसाठी आणलीय,” मॅडम म्हणाल्या, आणि विषय संपला.

माझा प्रवास मात्र जोरात चालला. बारामतीची तपासणी झाली की ड्रायव्हर सिद्धू मला जीपच्या मागं घाली, वर सतरंजी टाकी आणि इंदापूरला पोचवी. तिथली झाली की परत कपाटात. तपासणीपुरती माझी पिशवी उतरवून मला कोपऱ्यात मांडत. साहेब येत, पट्टी दाबत आणि म्हणत, “वा, अगदी स्वच्छ!” कचऱ्याची बादली इतकी स्वच्छ कशी, हे एकानंही विचारलं नाही.

मग ऊसतोडीच्या दिवसांत नवे साहेब आले. नारळ फोडताना त्यांचा अंगठा चेचला होता. त्याला घरच्या साडीची हिरवी चिंधी बांधलेली, जरीकाठाची, हळदीनं पिवळी झालेली. मोठ्या डॉक्टरांनी लगेच त्यांना खुर्चीत बसवलं, चिंधी सोडली आणि पांढरीशुभ्र पट्टी बांधून दिली. चिंधी पडली ट्रेमध्ये. छबूबाई ती उचलायला वाकल्या, तर साहेब म्हणाले, “बाई, हे सगळं आता या बादलीतच टाकायचं बरं का.”

छबूबाईंनी मॅडमकडं बघितलं. साहेबांदेखत मॅडम काय करणार? त्यांनी मान हलवली.

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पट्टीवर कामाचा पाय पडला. चिंधी आली, कापूस आला, सकाळच्या सगळ्या सुया आल्या. छबूबाईंनी आपले मोकळे हात पदराला पुसले नाहीत, नुसते उलटसुलट करून बघितले. मला वाटलं, सुटलो. त्याही आणि मीही.

तेवढ्यात साहेब म्हणाले, “इंदापूरही आजच उरकतो. एसटी कितीला आहे?”

“एसटीनं कशाला साहेब? आमची जीप आहे की!” पाहुणचार डॉक्टरांच्या तोंडून आधी निघाला, अक्कल मागाहून आली. साहेब मटणाच्या ताटावर बसले असताना सिद्धूनं मला सवयीनं उचललं आणि सतरंजीखाली घातलं. आत कुणी डोकावलंच नाही. माझ्यात कधी काही असतं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

साहेब पुढं, मी मागं. उसाच्या गाड्यांनी रस्त्याची चाळण केलेली. दर खड्ड्याला माझं झाकण वाजे.

“सिद्धू, मागं काय वाजतंय रे?”

“जेवणाचा डबा हाय साह्यब. धाकट्या डॉक्टरांचा.”

लासुर्ण्याला चहाला थांबलो तेव्हा साहेब हसून म्हणाले, “डबा दणदणीत दिसतोय.” मी आतून ओरडत होते. झाकण मात्र मिटलेलं.

इंदापुरात धाकट्या डॉक्टरांनी साहेबांना बशीभर चिवड्यात अडकवलं, तोवर सिद्धूनं मला मागच्या दारानं जागेवर ठेवलं. साहेब आले. पट्टीवर पाय दिला. वरच जरीकाठ.

त्यांनी चिंधीकडं बघितलं, मग आपल्या अंगठ्याकडं, मग पुन्हा चिंधीकडं.

“ही आमच्या हिच्या साडीची आहे.”

धाकट्या डॉक्टरांना सकाळचं काहीच ठाऊक नव्हतं. “असेल साहेब,” ते म्हणाले. “आपल्याकडं लांबून लांबून पेशंट येतात.”

दारात सिद्धूनं डोळे मिटून घेतले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मित्रांनो, मला वाटलं, आता लिहितील, आता मी कपाटातून कायमची बाहेर. पण साहेबांच्या पोटात मोठ्या डॉक्टरांचं मटण होतं, अंगठ्यावर मोठ्या डॉक्टरांची पट्टी होती आणि परत जायला मोठ्या डॉक्टरांचीच जीप. माझ्यासारखेच चारी बाजूंनी अडकलेले बिचारे. त्यांनी टोपण पुन्हा लावलं.

“दुसरी एक घ्या,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी बारामतीत मॅडम कडाडल्या, “कचऱ्याच्या बादलीत कचरा टाकायला तुला सांगितलं कुणी?”

“साह्यबांनी. आन् तुमीबी मान हलवलीसा की वो.”

“मान हलवली म्हणजे टाक म्हटलं होय? कर रिकामी. पहिल्यासारखी दिसली पाहिजे.”

छबूबाईंनी माझ्यात हात घातला. सकाळी मोठ्या विश्वासानं टाकलेल्या सुया त्यांनी उघड्या हातानं पुन्हा वेचल्या. एक तळहातात खोल गेली. त्यांनी ती उपसली, हात चोखला आणि मला राखेनं घासून लख्ख केलं.

होळी झाली आणि छबूबाईंचे डोळे त्या चिंधीसारखे पिवळे झाले. कोणत्या सुईनं, ते मी कसं सांगू? रोजच टोचत होत्या. झाडपाल्याचं औषध घ्यायला त्या सुप्याला गेल्या. उन्हाळा सरता सरता सिद्धूनं त्या वारल्याची बातमी आणली. मॅडम “अरेरे” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी छबूबाईंची लेक नकोशी कामाला आली. तेच घमेलं, तसेच उघडे हात.

आज कपाटात आम्ही दोघी आहोत. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे दोघा डॉक्टरांनी अर्धे अर्धे पैसे घालून दुसरी आणली. तिच्याही अंगावरची पिशवी अजून निघालेली नाही.

मित्रांनो, दवाखान्यात गेलात आणि कोपऱ्यात चकचकीत लाल बादली दिसली, तर लगेच वाहवा करू नका. पट्टीवर पाय द्या, आत बघा. रिकामी असेल तर तिथं झाडणाऱ्या बाईंचे हात बघा. आम्हाला घाण होऊ द्या. आम्ही त्यासाठीच जन्मलो.

राहिला हिशेब. मोठ्या डॉक्टरांचं एक जेवण गेलं. धाकट्यांच्या वाट्याला आणखी अर्धी बादली आली. साहेबांची चिंधी गेली, तीही जुनीच होती. बाकी सगळं छबूबाईंनी भरलं. त्यातूनही जे उरलं, ते आता नकोशी भरते आहे.