गुलाबीचे निळे

मित्रांनो, मी एक जुनी काचनळी आहे. उंची करंगळीएवढी, अंगावर एकच रेघ. एवढ्याशा देहाचा एवढा ताठा कशाला, असे विचारू नका; आधी ऐका.

अमरावतीच्या राजापेठेत दामिनीबाईंच्या घरी समुद्रासारख्या खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे. तिच्यात मासे आहेत आणि जिवंत पोवळी वाढतात. पोवळ्याला आपला सांगाडा बांधायला कॅल्शियम लागते. ते पाण्यात किती उरले, हे चार वर्षे मीच सांगत आले.

माझी रीत ठरलेली. रेघेपर्यंत पेटीतले पाणी, चिमूटभर पूड, की मी गुलाबी. मग औषधाचा एकेक थेंब. कितव्या थेंबाला गुलाबीचे निळे होते, ते मोजायचे. थेंब कमी लागले, तर कॅल्शियम कमी; एकवीस आले की सारे ठीक. दर रविवारी एकवीसच येत, आणि बाई मला धुऊन, पुसून डबीत ठेवत.

गेल्या एप्रिलात मात्र सतराव्या थेंबालाच मी निळी झाले. बाईंनी पेटीत कॅल्शियम घातले. पुढच्या रविवारी पंधरा! घातले तरी घटते, हे कसे? मला काही उमजेना. पोवळ्यांची टोके खडूसारखी पांढरी पडू लागली होती. मी चुकत असेन, तर ती माझ्यामुळेच मरणार होती.

"नळीच खोटी झाली," बाई म्हणाल्या. नवी नळी आली. मी पेटीमागच्या फळीवर, वाळक्या स्पंजांत जाऊन पडले.

नव्या नळीने तेरा सांगितले. बाई पेटीसमोर बसून रडू लागल्या. त्यांचे सासरे खुशालराव उन्हाळ्यापुरते दर्यापूरकडच्या गावाहून आले होते. ते दारातून म्हणाले,

"काहून रडून राहिली, बाई? मासे तं मस्त खेळून राहिले!"

"मामाजी, पोवळी चालली हो. उन्हानं आटतं तेवढं गोडं पाणी रोज भरते, कॅल्शियम घालते, तरी…"

"तेच तं! समुद्राले गोडं पाणी पाजते का कोणी? म्हणून मी गावच्या दूधगाडीनं आपल्या विहिरीचं मागवून टाकतो. खारपाणपट्ट्यातलं, जमिनीतूनच खारं, अस्सल!"

"कधीपासून?"

"महिना झाला. तू शाळेत शिकवाले गेली का कॅनमधून थोडं थोडं. सुनेले मदत नको काय?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. "मामाजी, उन्हानं पाणी आटतं, मीठ नाही आटत. म्हणून गोडंच भरायचं. अन् आपल्या विहिरीत नुसतं मीठ नाही, सोडाही आहे. त्यानं कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं."

खुशालरावांनी वाकून पेटीच्या तळाचा पांढरा थर पाहिला. मग फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हंजे हे बिचारी खरं बोलून राहिली होती. मंग तिले काहून फेकलं?"

बाईंनी फळीवरचे स्पंज बाजूला सारले. त्यांनी मला उचलले आणि धुतले.

पुढे दर आठवड्याला पेटीतले थोडे थोडे पाणी बदलले. पोवळ्यांना पुन्हा रंग चढला. दोन फांद्या मात्र गेल्याच. आता थेंब खुशालराव मोजतात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

एक खारे पाणी जगवते आणि दुसरे मारते, हे कोडे बाईंनी सांगूनही मला अजून सुटलेले नाही. ते सोडवणे माझे काम नव्हे. तुमचे काम मात्र सांगते. वापर झाला की मला लगेच धुवा. आणि माझा आकडा पटला नाही, तर नळी बदलण्याआधी घरातल्यांना विचारा, पाण्यात कोणी काय घातले ते.