एक्केचाळीस मिलिसेकंद

ट्रॅक १: पंखा

दुपारी दोन ते चार गल्ली पेंगते. समोरचा शिंपी मशीन थांबवून टेबलावर डोकं टेकतो, शाळेची गाडी यायला अवकाश असतो, आणि कुत्री आपापल्या सावलीच्या मापात आडवी होतात. एवढ्या दोन तासांत त्या दोघी गाणी रेकॉर्ड करतात.

दोघी म्हणजे नणंद-भावजय. वहिनी गाते, नणंद रेकॉर्ड करते. लहान मुलांना झोपवायची गाणी. पाच संग्रह झाले, सहाव्यातलं शेवटचं एक गाणं राहिलंय. मागच्या खोलीच्या चारही भिंतींना भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, जुन्या गाद्या ठोकून दिल्या आहेत. आत शिरलं की आपलाच आवाज कुणीतरी घडी करून खिशात ठेवल्यासारखा वाटतो. "मी घरात उभ्याने झोपायची सोय केली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

सगळं ठीक होतं, फक्त जुन्या कॉम्प्युटरचा पंखा कण्हायला लागला होता. गाणं सुरू व्हायच्या आधी नणंद त्याच्यावर उशी दाबायची, खालचा ओठ दातांत धरायची आणि कळ दाबायची. गाणं संपताच उशी काढायची. तीन मिनिटांच्या वर गाणं गेलं की कॉम्प्युटर गुदमरून बंद पडायचा. त्यामुळे पाचव्या संग्रहातली सगळी बाळं तीन मिनिटांच्या आत झोपतात.


ट्रॅक २: मास्तर

"या म्हातारीला किती दिवस सलाइनवर ठेवणार आहेस?" मास्तर म्हणाले.

मास्तर पियानो शिकवतात आणि या गाण्यांना साथ वाजवून पाठवतात. म्हातारी म्हणजे रेकॉर्डिंगचं जुनं सॉफ्टवेअर. ते बनवणारी कंपनी कधीच गुंडाळली गेली होती, आणि या एका कॉम्प्युटरवरच ते चालत होतं.

"मला सवय आहे हिची," नणंद म्हणाली.

"सवय मला केसांचीही होती."

वहिनी हसली. मास्तरांनी टकलावरून हात फिरवला आणि खिशातून एक चिठ्ठी काढून ठेवली. नव्या सॉफ्टवेअरचं नाव, कुठून घ्यायचं ते. "पंधरा दिवस फुकट चालतं. नाही जमलं तर पुसून टाक. मी वापरतो, म्हणजे बघ. मला घरातला मिक्सर लावता येत नाही."

ते गेल्यावर नणंदेने वहीचं एक पान घेतलं.

जावं, कारण पंखा.

राहावं, कारण हात न बघता चालतात.

जावं, कारण एक दिवस हे मशीन उठणार नाही आणि पाच संग्रहांचे सुटे ट्रॅक पोटात घेऊन बसेल.

राहावं, कारण पडद्याचा राखाडी रंग. ढगाळ दुपारसारखा. त्यात वहिनीच्या आवाजाच्या लाटा पांढऱ्या दिसतात.

जावं, कारण मास्तर डोकं खातील.

राहावं, कारण वहिनीचा आवाज यातच बरा लागतो.

ही शेवटची ओळ तिने खोडली. मग तिच्याच खाली पुन्हा लिहिली.


ट्रॅक ३: उरले दिवस पंधरा

भावाचा लॅपटॉप मागून घेऊन तिने त्यावर नवं सॉफ्टवेअर उतरवलं. पडदा उघडला तो निळा. इतका निळा, की आपण वरून काहीतरी आत टाकलं तर बऱ्याच वेळाने तळाला लागल्याचा आवाज येईल असं तिला वाटलं. कोपऱ्यात लिहिलं होतं: उरले दिवस पंधरा.

आणि ते काही सुरूच होईना. आधी एक वायर जोड म्हणे. साउंड कार्डमधून आवाज जिथून बाहेर पडतो तिथलं टोक, जिथून आत येतो तिथे खुपस. तिने खुपसलं. नव्या सॉफ्टवेअरने स्वतःच एक टिचकी वाजवली, स्वतःच ऐकली, स्वतःचं काहीतरी मोजलं, आणि समाधान झाल्यासारखं हिरवं झालं.

"काय करतंय?" वहिनीने विचारलं.

"आवाज आत यायला जरा वेळ लागतो. तेवढा मोजून आवाज तितकाच आधी सरकवायचा असतो. म्हणजे तू जिथे गायलीस तिथेच ते बसतं."

"शहाणं आहे की."

"फार प्रश्न विचारतं. मला आगाऊ वाटतंय."

पंखा नव्हता. उशी नव्हती. नणंदेने तरी सवयीने ओठ चावला आणि कळ दाबली. हेडफोनमध्ये मास्तरांचा पियानो सुरू झाला, वहिनीने डोळे मिटले आणि गायली. नेहमीसारखीच गायली. खोलीत तर असं वाटलं की गाद्यांमधला कापूस हळूहळू पुन्हा झाडावर चालला आहे.

मग दोघींनी ऐकलं.

वहिनी प्रत्येक ओळीत पुढे होती. फार नाही. जिना उतरताना आपल्या पुढचा माणूस एक पायरी आधीच संपवतो ना, तेवढी. पण झोपेच्या गाण्यात तेवढंही बाळाला खडबडून उठवायला पुरतं.

"घाई करतेस वहिनी," नणंद म्हणाली.

"पुन्हा घेते."

पुन्हा घेतलं. पुन्हा पुढे.


ट्रॅक ४: उरले दिवस अकरा

"घाई."

"वन्सं, मी अजिबात घाई करत नाहीये."

वन्सं म्हटलं की वहिनी एकतर थट्टा करते किंवा दुखावलेली असते. नणंदेने तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"मी रात्रभर पडून तेच मोजत असते," वहिनी म्हणाली. "एक, दोन, तीन. मला वाटतं बरोबर आहे. आणि तू लावून दाखवतेस तेव्हा मी आपली पुढे पळतेय. आधी मागे पडायचे, आता पुढे. कुठेतरी एकदा सरळ चालले असते तर बरं झालं असतं."

"आधी कधी मागे पडायचीस?"

"पहिल्या संग्रहाच्या वेळी. विसरलीस? रोज ओरडायचीस, वहिनी मागे पडतेस, जरा आधी घे. मी घरी स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, आधी घ्यायची सवय करत होते. तुझा भाऊ म्हणायचा, हिला कुठली गाडी पकडायची आहे." तिने हेडफोन काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला. "हे शेवटचं गाणं दुसऱ्या कुणाकडून घे. माझा ताल गेला. मला वाईट वाटत नाहीये, वय होतं माणसाचं. पण जे गेलंय ते रोज ऐकवू नकोस."

आणि ती गेली. चहा टाकल्याचा आवाजही आला नाही.


ट्रॅक ५

(इथे काही रेकॉर्ड झालेलं नाही. खोली. बाहेर शिंप्याच्या मशीनचे दोन टाके, मग पुन्हा शांत. एक बाई खुर्चीत बसून निळ्या पडद्याकडे बघते आहे. पुसून टाकावं, असं तिच्या मनात येतं. नवं पुसलं की वहिनीचा ताल परत येईल, राखाडी दुपार परत येईल, उशी, पंखा, सगळं. बोट कळीवर आहे. समोर वायर लोंबते आहे.)


ट्रॅक ६: वायर

वायर लोंबत होती म्हणून, केवळ म्हणून, तिने ती जुन्या कॉम्प्युटरला लावली.

जुन्यात स्वतः मोजायची सोय नव्हती. तिने एक टिचकी वाजवली आणि तीच टिचकी आत घेतली. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा उमटल्या. वर वाजलेली, खाली ऐकलेली. दोन्ही एकाखाली एक यायला हव्या होत्या. खालची उजवीकडे होती. तिने मोठं करून पाहिलं, आणखी मोठं. दोन रेघांच्या मध्ये एक राखाडी गल्ली पडलेली होती, लांब, रिकामी, आणि तिच्यातून बारा वर्षं कुणीतरी रोज चाललेलं होतं.

एक्केचाळीस मिलिसेकंद.

तिला ती दुपार आठवली. नवीन साउंड कार्ड बसवलेलं. जुन्या सॉफ्टवेअरने एक चौकट पुढे केली होती, आवाज किती आधी सरकवायचा तो आकडा इथे लिहा. आकडा काढायला वायर हवी होती, वायर सापडत नव्हती, वहिनी आयुष्यातलं पहिलं गाणं गायला हात धुऊन उभी होती. नंतर बघू म्हणून तिने शून्य लिहिलं.

तर असं झालं होतं. वहिनी त्या दिवशी ठिकाणावर गायली होती. मशीनने तिला उशिरा मांडलं. नणंदेने तिला आधी घ्यायला लावलं. आणि त्या गुणी बाईने आपलं पाऊल जगाच्या एक्केचाळीस मिलिसेकंद पुढे टाकायला शिकून घेतलं, इतकं नेमकं, की पाचही संग्रहांत कुठे केसाएवढी फट राहिली नाही. मशीन मागे ओढायचं, ती पुढे जायची, गाणं मधोमध शांत पडून राहायचं.

आता मशीनने ओढणं सोडलं होतं. ती एकटीच पुढे जात होती.

नणंदेला दोन वाटा दिसल्या. एक सोपी होती. नव्या सॉफ्टवेअरमध्येही एक चौकट होती, मोजून झाल्यावर आवाज मुद्दाम उशिरा मांडायची. तिथे एक्केचाळीस लिहायचं, वहिनीला हाक मारायची, म्हणायचं, बघ, आज जमलं की तुला. तिने खरंच तो आकडा लिहिला. वहिनीचा मघाचा ट्रॅक त्याप्रमाणे सरकवून ऐकला. गाणं निजलं. इतकं सुरेख निजलं की तिला स्वतःलाच क्षणभर डुलकी लागली, आणि त्या डुलकीत तिला वहिनी दिसली, दोरीवर कपडे वाळत घालणारी, प्रत्येक चिमटा किंचित आधी लावणारी.

जागी झाल्यावर तिने आकडा खोडला आणि हाक मारली.

"वहिनी, जरा येतेस?"


ट्रॅक ७: उरले दिवस दहा

वहिनी दुसऱ्या दिवशी आली. दारातच उभी राहिली. नणंदेने वायर दाखवली, दोन रेघा दाखवल्या, शून्य दाखवलं. स्वतःची बाजू घेतली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "तू कधीच मागे पडली नव्हतीस."

वहिनी आत आली आणि रेघांवर वाकली.

"ही मधली जागा म्हणजे किती?"

"डोळ्याची पापणी मिटायला लागतो त्याच्याहूनही कमी वेळ."

"आणि तेवढ्यासाठी मी भाकरी करताना एक-दोन-तीन म्हणत होते."

"हो."

"तेवढ्यासाठी तू मला मास्तरांच्या देखत बोलली होतीस."

"हो."

"मी रडलेही होते एकदा. तुला माहीत नाही. मोरीत."

वहिनीने खुर्चीच्या पाठीवरचा हेडफोन उचलला, त्याची वायर बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग अचानक तिच्या पोटातून हसू वर आलं. ती गादीच्या भिंतीला टेकून हसत सुटली.

"म्हणजे मी बारा वर्षं एका मशीनला सांभाळून घेत होते? तुझा भाऊ कमी होता का त्यासाठी?"

"वहिनी, रागाव ना जरा."

"रागावणार आहे. सवडीने. पुरवून पुरवून." तिने डोळे पुसले. "माझा ताल गेलेला नाही, हे आधी नीट सांग."

"गेलेला नाही. तुझ्याइतका कुणाचा नाही."

"अजून एकदा."

नणंदेने अजून एकदा सांगितलं.

"बरं. त्या नव्याला तुझी जुनी चूक शिकवता येते का?"

"येते. चौकटीत आकडा लिहायचा."

"मग लिही एक्केचाळीस. उद्या चाळीस लिही. परवा एकोणचाळीस. रोज एक काढ, आणि मला सांगू नकोस किती झाले. पुढे जायला एकटीने शिकले, आता परत यायचंय तर तू बरोबर चल."

"शेवटचं गाणं?"

"ते शून्याला."


ट्रॅक ८ ते पुढे

पंधरा दिवस संपले तेव्हा कोपऱ्यातली पाटी गेली. नणंदेने नवं सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि पाचही संग्रहांचे सुटे ट्रॅक त्यात उतरवून घेतले. मास्तरांना कळल्यावर ते आठवडाभर छाती काढून फिरले.

रोज दुपारी दोनला वहिनी गाते. रोज तेच गाणं. नणंद ओठ चावते, आकडा एकाने कमी करते, ओठ सोडते, कळ दाबते. तेहेतीस. सत्तावीस. काही दिवशी वहिनी पुढे जाते, ऐकते, मान हलवते, पुन्हा घेते. खोलीत असं वाटतं की कुणीतरी लांबच्या घरून चालत येतंय, आणि आता त्याच्या चपलांचा आवाज ओळखू यायला लागलाय.

एकोणिसावर नणंद थांबली. का, ते तिला सांगता आलं नसतं. एकोणिसावर गाण्याला एक विलक्षण ओल आली होती, वहिनी ना तिकडची ना इकडची, जाग आणि झोप यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उभी. असंच राहू दे, असं नणंदेला वाटलं. निदान थोडे दिवस. तिने आकड्याला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

चौथ्या दिवशी वहिनीने गाण्याआधीच हेडफोन एका कानावरून सरकवला.

"वन्सं, तीन दिवस झाले. थांबलीस ना तू?"

"तुला गाण्यातून कळलं?"

"गाण्यातून कसलं कळतंय. आकडा कमी करताना तू ओठ चावतेस. तीन दिवस चावला नाहीस." तिने हेडफोन पुन्हा नीट बसवला आणि डोळे मिटले. "चल. मला अजून बरंच यायचंय."

समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं होतं. नणंदेने चौकट उघडली, खालचा ओठ दातांत धरला, आणि अठरा लिहिलं.