मेलेल्या घोडीची संक्रांत

मी एक मेलेली घोडी बोलतेय. दचकू नका. काशीत मेलेल्यांचं कुणाला कौतुक!

जिवंतपणी मी स्टेशनाबाहेर एक्का ओढला. मेल्यावर माझी कवटी एका कॉलेजच्या कपाटात तीस वर्षं 'नमुना' म्हणून पडून होती. पोरांनी माझे दात मोजले, एका शहाण्याने तर तोंडात विडी खोचली. मग कपाट रिकामं करायचा हुकूम निघाला, आणि तिथे नोकरीला असलेल्या ऋतुराजने मला पोत्यात घालून त्याच्या बालमैत्रिणीच्या, मैत्रेयीच्या, हवाली केलं.

मैत्रेयी म्हणजे बालाजी घाटाजवळच्या नरहरशास्त्र्यांची एकुलती एक लेक. शिकायला वेल्सला गेली आणि तिथल्याच एका गवंड्याशी लग्न करून मोकळी झाली. शास्त्रीबुवांचं डोकं फिरलं. त्यांनी घाटावर जाऊन जित्या लेकीच्या नावाने तीळ-पाणी सोडलं आणि जाहीर केलं, "ती मेली." अहो, मरण म्हणजे काय ते मला विचारा! पाच वर्षं ती दर संक्रांतीला येई, आणि पाचही वर्षं दार बंद.

म्हणून गेल्या संक्रांतीला तिने मला सोबत घेतलं. वेल्समध्ये म्हणे ऐन थंडीत घोड्याच्या कवटीला पांढरी चादर पांघरतात आणि काठीवर चढवून दारोदार नेतात. बाहेरच्यांनी पद्यात टोमणा मारायचा, घरच्यांनी पद्यातच परतवायचा. घरचे अडले तर दार उघडून खाऊपिऊ घालायचं. बाहेरचे अडले तर गपचूप चालू पडायचं.

"ही प्रथा किती पुरानी गं?" ऋतुराजने विचारलं.

"कुणी म्हणतं हजारो वर्षांची, कुणी म्हणतं मेरीमातेच्या नावाची. लेखी पुरावा दोनशे-सव्वादोनशे वर्षांचा. खरं कुणालाच ठाऊक नाही."

मला हसूच आलं. आमच्या काशीत चहाची टपरीसुद्धा अनादि असते!

डोळ्यांच्या खोबणीत हिरव्या बाटल्यांची बुडं, कानांना पतंगाच्या झिरमिळ्या, जबड्याला सुतळी. अशी नटूनथटून मी भर दुपारी गल्लीतून निघाले. "अरे ई का हौ गुरु!" म्हणत पानवाला दुकान सोडून पळाला.

मैत्रेयीने कडी वाजवली आणि सुतळी ओढली. माझे दात खटाखट वाजले.

"दारी आली घोडी, बाबा, दात तिचे छत्तीस,
तुमच्या तोंडी चारच उरले, तेही कासावीस!"

शास्त्रीबुवांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. कुणाचा श्लोक अनुत्तरित राहिला तर त्यांना जेवण जायचं नाही. बंद दाराआडून आवाज आला:

"दात मोजुनी काय मिरवसी, हाडांचे तू खोड,
गवत नाही घरात आमुच्या, उंबरठा हा सोड!"

बोलले हो बोलले! पाच वर्षांत लेकीशी पहिला शब्द.

मग जी जुंपली! एक झालं की दुसरं. खरं सांगते, म्हातारा नुसता बहरला होता. सोळा कडवी झाली आणि मैत्रेयीचा घसा कोरडा पडला. सतरावं काही सुचेना.

"हरले मी, बाबा," ती म्हणाली आणि वळली.

आतून शास्त्रीबुवा ओरडले, "अगं, पुढचं म्हण की!"

"नियम तो नियम." बापाचीच लेक ती!

माझी तर आशा सुटली. तेवढ्यात आतून आणखी एक आवाज आला. मैत्रेयीच्या आईचा, पद्माबाईंचा. त्या बाईने जन्मात कधी यमक जुळवलं नव्हतं.

"तीळ सोडले लेकीवरती, लाडू कुणाला देऊ?
मेली म्हणता, तिच्याशी भांडता, मीही मरुनी येऊ?"

शास्त्रीबुवा अडले. मग कडी निघाली, आणि ती त्यांनीच काढली.

लेकीकडे त्यांनी बघितलंच नाही, माझ्यावर डाफरले, "हे हाड आधी गंगाजलाने धुवा!" मग तिच्या हातावर लाडू ठेवला. म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात मात्रा चुकल्या तुझ्या."

मैत्रेयी ओक्साबोक्शी रडली. डोळे बाटलीचे नसते तर मीही रडले असते.

आता मी याच घरात माळ्यावरच्या खुंटीला टांगलेली असते. पुढची संक्रांत तोंडावर आलीय, आणि शास्त्रीबुवा दसऱ्यापासून वहीत कडवी रचून ठेवतायत. तुम्हाला एवढंच सांगते, माणसाच्या नावाने तीळ सोडायची घाई करू नका. आम्ही मेलेले कुठे पळून जात नाही.

आणि हो, पद्माबाई एक लाडू माझ्याही जबड्यात ठेवतात. तो खाली पडतो. कुणी बघत नाही असं पाहून शास्त्रीबुवा तो उचलून खातात.