निर्मात्याचं नाव

घरी बांधलेली गाडी पासिंगला न्यायची असेल, तर जिचे भाग काढून घेतले ती जुनी गाडी आधी ठार मारावी लागते, आणि जीप लवकर मरत नाही. आम्ही सोमवारी सकाळीच घण घेऊन तिच्या मागे लागलो. इंजिन कधीच काढून घेतलं होतं, तरी ती दुपारपर्यंत ओरडत होती. एकदा तिने बॉनेट उघडलं आणि माझ्या धाकट्या भावाचा, भरतेशचा हात त्यात धरला. दोन बोटं गेली. मी रेडिएटरवर घण घातला तेव्हा कुठे तिने हात सोडला. दुसरी जुनी गाडी टेम्पो, तो त्या मानाने गरीब. त्याचा मागचा ॲक्सल काढला तेव्हाही तो कुरकुरला नव्हता, तीन घावांत गेला. दोघांच्या चासीवरचे नंबराचे तुकडे कापले, फडक्याने पुसले आणि जेवणाच्या डब्यात भरले. पासिंगच्या कचेरीत अशा गाडीला दाता वाहन म्हणतात. दाता आणि नवं वाहन एका वेळी जिवंत नको, असा नियमच आहे.

गाडी बांधायला आठ वर्षं लागली. बांधली मी. भरतेश धरायला असायचा. मला गाडी फिरवायची मुळीच हौस नाही. मला अर्जातला एकच रकाना हवा होता: निर्मात्याचं नाव. आमच्या लेथच्या शेडवर वडिलांचं नाव आहे, घरावर आजोबांचं, आणि माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझंच नाव चुकीचं छापलं होतं. त्या रकान्यात सरकारी शाईने ‘अभयकुमार मगदूम’ असं उमटलं असतं, तर मी सुखाने डोळे मिटले असते. हे मी कुणालाही बोललो नव्हतो.

कचेरीचं आवार लांबच लांब होतं आणि त्याची मागची भिंत चालत होती. एक गाडी तपासून झाली की भिंत एक गाडीभर पुढे येई. नापास गाडीला बाजूला काढायची पद्धत नव्हती, ती रांगेच्या शेवटी जाई आणि भिंत तिला घेई. आमच्या मागे नापास झालेली एक निळी गाडी होती. भिंत आली तेव्हा तिच्या मालकाने काच खाली करून कागद बाहेर धरले. मग काच, कागद आणि तो वेगवेगळे ओळखू येईनात. त्याचं रक्त आमच्या मागच्या चाकापर्यंत आलं. मी गाडी थोडी पुढे घेतली, कारण टायर नवे होते.

तपासणीला घोरपडे बाई होत्या. त्यांनी डबा उघडून दोन्ही तुकडे पाहिले. मग आमच्या चासीवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. नंबर मारलेला असला की तो असा कागदावर पांढरा उठतो. आमचा कागद नुसता काळा झाला.

“नंबर कुठे आहे?”

“मारलाय की, बाई. मी स्वतः एकेका अक्षराचा पंच लावून मारलाय.”

“मारताना खाली काय धरलं होतं?”

आता हे खरंच माझं चुकलं होतं. आमची चासी पाइपाची, आणि पोकळ पाइपावर पंच मारायचा तर खालून ऐरणीचा आधार लागतो, नाहीतर पाइप दबतो. आमची ऐरण त्या कोपऱ्यात शिरत नव्हती. भरतेश गाडीखाली सरकला आणि त्याने आपली नडगी पाइपाला लावली. मी हातोडा मारत गेलो. तो काही बोलला नाही, म्हणून मी समजलो की त्याला काही होत नाही.

बाईंनी त्याची पँट गुडघ्यापर्यंत वर केली, नडगीवर कागद ठेवला आणि पेन्सिल घासली. अख्खा नंबर उठला, एकही अक्षर न तुटता.

“तिसरा दाता,” त्यांनी लिहिलं. “तुकडा कापून जमा करा.”

“पाय कापायचा?”

“नंबर आहे तेवढा भाग. नाहीतर गाडी भिंतीला द्या.” त्यांनी पान उलटून माझ्याकडे पाहिलं. “नंबर दुसऱ्यावर उतरवता येतो. सख्ख्या भावाला चालतो. मग कापायचा पाय तुमचा. पण दात्याचं नाव निर्मात्याच्या रकान्यात येत नाही. तिथे ह्या तुमच्या भावाचं नाव लागेल.”

आमची तपासणी संपायची होती, तरी भिंत आमच्या मागच्या बंपरला टेकली. पत्रा कुरकुरला.

“दादा,” भरतेश म्हणाला, “काय करायचं?”

मी लगेच ‘माझ्यावर उतरवा’ म्हणायला हवं होतं. सख्खा भाऊ आहे, आठ वर्षं माझ्या हाताखाली राबलाय. मला ते कळत होतं. पण मी त्या रिकाम्या रकान्याकडे पाहत राहिलो, आणि मी कुठे पाहतोय ते भरतेशने पाहिलं.

“आठ वरसांत एकदा तरी इचारलंस काय, दुखतंय का म्हणून?”

“तू कधी म्हणालाच नाहीस.”

“आत्ताबी म्हणत न्हाई.”

त्याने तीन बोटांच्या हातात पंच धरला आणि दुसऱ्या हातात हातोडा घेतला. मला चाकाला टेकवून बसवलं आणि माझी नडगी पाइपाखाली घातली. मला लाज वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा जास्त राग आला, की रकाना जातोय.

“थांब,” मी म्हणालो.

बाईंनी ते ‘संमती’ म्हणून लिहून घेतलं.

पहिल्या घावाला माझं हाड तडकलं. दुसऱ्याला त्याच्या नडगीवरचं एक अक्षर बुजलं. तो माझ्यापेक्षा चांगला मारत होता, एकेक पंच सरळ, एका ओळीत. मी इतकी वर्षं त्याला नुसतं धरायलाच ठेवलं होतं. मागचा बंपर आत गेला, मग डिकी. सहाव्या अक्षराला मी ओरडलो. दहाव्याला आवाज संपला. बाईंनी रकान्यात ‘भरतेश मगदूम’ लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. मग गॅस कटर पेटवून शेजारी ठेवला.

“सतरा अक्षरं झाली, भरतेश,” मी कसाबसा म्हणालो. “नंबर संपला.”

“व्हय,” तो म्हणाला. “आता नाव.”

त्याने पेटीतून आपल्या नावाच्या पहिल्या अक्षराचा पंच शोधून काढला आणि माझ्या गुडघ्यावर उभा धरला.