सतरावा प्रश्न

प्लासिड सरांनी स्वप्नाच्या उत्तरपत्रिकेची मागची बाजू तिसऱ्यांदा पाहिली. कोरी. वीसपैकी एकोणीस बरोबर, आणि कच्च्या कामाच्या पानावर पेनाचा ठिपकाही नाही.

माणिकपूरच्या शाळेत सरांनी तेहतीस वर्षं गणित शिकवलं ते पायऱ्यांवर. पायरी गाळली की गुण कापला. अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाल्यावर त्यांनी चर्चमागच्या खोलीत बँकेच्या परीक्षांचा वर्ग काढला, आणि तिथे हे नवंच प्रकरण निघालं. उत्तर काढायचं नाही, दिलेली माहिती उत्तराला पुरते की नाही एवढंच सांगायचं. सरांना ते काही केल्या रुचेना. ते घरी प्रत्येक उदाहरण शेवटपर्यंत सोडवत आणि मगच उत्तरसूची करत.

सूची वर्गातल्या कपाटात असे. कपाटाचं कुलूप नावापुरतंच. वर्गाची चावी स्वप्नाकडे, कारण वालीवच्या कारखान्यातलं पेट्या भरायचं काम सुटलं की ती थेट यायची आणि सगळ्यांच्या आधी खिडक्या उघडून ठेवायची. सरांच्या मनात पाल चुकचुकली. मग एकेक आठवायला लागलं. परवा आपल्याला बघून ती दचकली होती. पेपर देताना नजर खाली होती. आणि सतरावाच तेवढा का चुकावा? सगळे बरोबर आले तर संशय येईल, म्हणून मुद्दाम चुकवला असणार. पोरगी भलतीच बेरकी निघाली.

मुंबईच्या मोफत शिबिराला वर्गातून एकच नाव पाठवायचं होतं. तिथली बहुतेक मुलं बँकेत लागत. स्वप्ना वर्षभर त्याच आशेवर होती, हे सरांना ठाऊक होतं. त्यांनी एरॉलचं नाव लिहिलं. त्याला गुण चौदाच, पण कच्चं काम चांगलं तीन पानं. पाकीट दुपारीच पोस्टात टाकलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा सर बंद दाराबाहेरच उभे होते. त्यांनी आधी चावी मागून घेतली, मग आत जाऊन सांगितलं की नाव एरॉलचं गेलंय. तिने कारण विचारलं नाही. ते सरांना आणखीच खटकलं.

त्यांनी सतरावा प्रश्न पुढे केला. नारळ दोन प्रकारच्या पेट्यांत भरलेत, लहान पेटीत सात, मोठीत अकरा, सगळ्या पेट्या पूर्ण. लहान पेट्या किती? पहिली माहिती, नारळ अठ्ठावन्न. दुसरी, पेट्या एकूण सहा. अज्ञातं दोन, तेव्हा समीकरणंही दोन हवीत, म्हणून सरांच्या सूचीत दोन्ही माहिती लागत होत्या. स्वप्नाने लिहिलं होतं, पहिली एकटी पुरते.

"हा कसा सोडवलास?"

"सोडवला नाही सर. सोडवायला कुठे सांगितलंय?" ती म्हणाली. "अठ्ठावन्न एकाच रीतीने बसतात. मोठ्या चार, लहान दोन. दुसरं काही केलं की पेटी अर्धी राहते. अर्धी पेटी आमच्याकडे गेटबाहेर जात नाही."

सरांनी खडू घेतला. अकरा गेले, सत्तेचाळीस, साताने भाग जात नाही. बावीस गेले, छत्तीस, नाही. तेहतीस गेले, पंचवीस, नाही. चव्वेचाळीस गेले, चौदा. जातो. पंचावन्न गेले, उरले तीन.

हात फळ्यावरच थांबला. चूक सूचीत होती. सूची बघून लिहिणारीने ही चूकही तशीच उतरवली असती. ती निर्दोष आहे हे सांगणारा कागद सकाळपासून त्यांच्या हातात होता, आणि त्यांनी त्यावर लाल फुली मारली होती.

"सर, मी कपाट उघडलं असं वाटलं तुम्हाला?"

सरांनी चावी तिच्यापुढे धरली.

"राहू दे सर," ती शांतपणे म्हणाली. "उद्यापासून ओव्हरटाइम घेते. यायला नाही जमणार."

दुसऱ्या दिवशी सर नेहमीच्या वेळी वर्गाशी आले आणि बंद दारासमोर उभे राहिले. मुलं जमली. एरॉलने विचारलं, स्वप्ना अजून कशी आली नाही? सर रस्त्याकडे बघत राहिले. चावी त्यांच्याच खिशात होती.